पट्टीबाईंच्या चौदा वाकड्या ओळी

पट्टीबाईंचं त्या सर्व्हेअरबरोबर काहीतरी आहे, ही बातमी आमच्या पाणीखात्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये पहिल्यांदा कोणी आणली, हे आता सांगता येणार नाही. म्हणजे मला सांगता येईल, पण मग स्वतःचंच नाव घ्यावं लागेल.

बातमी साधी होती. जी बाई एका जास्तीच्या स्पेससाठी भल्याभल्यांचं काम परत पाठवते, तिने कोणा एकाच्या चौदा ओळी मुकाट्याने पदरात घेतल्या. त्याही कशा, तर वाकड्यातिकड्या, तिच्याच नियमांच्या छातीवर पाय देऊन उभ्या असलेल्या. आणि त्या पाठवणाऱ्याने आदल्याच दिवशी सगळ्यांच्या देखत तिला लिहिलं होतं, ‘बाकीचं घरी ये, मग बोलू.’

घरी ये! ‘या’ नाही, ‘यावे’ नाही, थेट ‘ये’. आता यावर शहाण्या माणसाने दुसरं काय समजावं, तुम्हीच सांगा.

त्या काळी मी सेक्शनच्या कोपऱ्यातल्या खोलीत अमोनिया प्रिंटचं मशीन चालवायचो. ट्रेसिंग कागदावरचा नकाशा मशीनमध्ये सरकवायचा, दिव्याचा प्रकाश, मग अमोनियाची वाफ, आणि पलीकडून निळ्या रेघांची नक्कल बाहेर यायची. वास असा, की नव्या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्या अंगाकपड्यांना तो कायमचा बसलेला. तरीसुद्धा लोक माझ्या कानाशी येऊन कुजबुजायचे, यावरून बातम्या किती मोलाच्या असायच्या ते ओळखा. बाई मला ‘अमोनिया’च म्हणायच्या. “अमोनिया, तीन नकला, आणि गप्पा बाहेर ठेवून या.”

बाई होत्या ट्रेसर. लांबलचक हॉल, उत्तरेला ओळीने खिडक्या, उतरत्या बोर्डांच्या दोन रांगा, आणि खिडकीकडून तिसऱ्या बोर्डावर बाई. शहराखालचा नळ न् नळ त्यांच्या हातून कागदावर उतरलेला. हातात कायम एक फुटाची पोलादी पट्टी. तिने त्या रेघा तर मारायच्याच, शिवाय दुसऱ्यांनी काढलेल्या अक्षरांची उंचीही मोजायच्या. अक्षर तीन मिलिमीटरच्या जागी साडेतीन झालं, की पट्टीच्या टोकाने दोनदा टकटक. बोलायच्या नाहीत. त्या टकटकीला आमचे मोठे साहेबसुद्धा टरकून असत.

चूक झाली तर ट्रेसिंग कागदावरची शाई ब्लेडने हलके हलके खरवडायची, खरवडलेली जागा नखाने घोटून गुळगुळीत करायची, मग नवी रेघ. कोणी किती सफाईने केलं तरी बाई कागद खिडकीवर धरायच्या आणि खरवडलेली जागा बरोबर दाखवायच्या. “इथे आधी काहीतरी वेगळं होतं.” हे वाक्य त्या अशा बोलायच्या, की माणसाला वाटावं, हिला आपल्या घरचंही कळलेलं दिसतंय.

मग कॉम्प्युटर आले. बोर्ड एकेक करून जिन्याखाली गेले. अर्ध्या लोकांनी तोंडं पाडली, बाईंनी खुर्ची ओढली. दोन वर्षांत त्यांनी आणि दुसऱ्या दोन गावांच्या पाणीखात्यांतल्या तिघांनी मिळून एक प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव नळनकाशा. रोज सकाळी तो कागदाची एक पट्टी छापायचा: आज कुठला व्हॉल्व्ह कधी, कुठल्या बाजूला, किती फेरे फिरवायचा. प्रोग्राम सगळ्यांना खुला. कोणीही घ्यावा, आतलं उघडून वाचावं, सुधारणा सुचली तर लिहून पाठवावी. याला ओपन सोर्स म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. मी त्याला आपला सार्वजनिक नळ म्हणायचो.

सार्वजनिक नळावर व्हायचं तेच झालं. ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही अशी माणसं कुठून कुठून सुधारणा पाठवू लागली आणि प्रत्येकाची लिहायची तऱ्हा न्यारी. कोणी चार जागा आत सरकून लिही, कोणी आठ, कोणी सरकतच नसे. बाईंना ते खपेना. “नकाशावर कोणाचा हात फिरला ते दिसता कामा नये,” हे त्यांचं जुनं मत. त्यांनी एक फाईल लिहिली: काम पाठवणाऱ्यांसाठी नियम. एकूण एकेचाळीस.

ते नियम मला आजही पाठ आहेत. नियम दोन: ओळ अठ्ठ्याहत्तर अक्षरांत संपावी, नकाशालाही समास असतो. नियम नऊ: नाव असं द्यावं की उद्या नव्याने आलेल्याला कोणाला विचारावं लागू नये. नियम दहा: ‘तात्पुरतं’ हे नाव कशालाही देऊ नये, या कचेरीत तात्पुरतं काहीच तात्पुरतं राहिलेलं नाही. नियम चौदा: टीप लिहाल तर काय केलं ते लिहू नका, ते दिसतंच, का केलं ते लिहा. नियम सव्वीस: जुनं झालेलं काढून टाकावं, असू दे असू दे करत साठवू नये.

आणि पट्टी टकटकू लागली. एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना त्यांनी चारदा परत पाठवलं. त्यांनी चिडून लिहिलं, “बाई, प्रोग्राम चालतोय ना?” बाईंचं उत्तर: “चालतोय. लंगडतही चालता येतं.”

अशी ही बाई. घरी फक्त त्या आणि वडील. आई फार आधी गेलेली. वडील आमच्याच खात्यातून निवृत्त झालेले, बाहेरच्या कामावरचे, त्यामुळे कचेरीत आम्ही त्यांना क्वचितच पाहिलेलं. पण त्यांच्या हातचं सगळ्यांच्या ओळखीचं होतं, कारण बाईंचा डबा तेच भरायचे. तीन खणी डबा, दुपारी एकला झाकण उघडलं की माझ्या खोलीतला अमोनियासुद्धा माघार घ्यायचा.

आणि सर्व्हेअर. देखणा गडी. टेकडीवरच्या वस्तीची मोजणी त्याने केली होती. चिखलाच्या बुटांनी थेट बाईंच्या बोर्डाशी यायचा आणि कडेवर टेकायचा. बाई म्हणायच्या, “उठा, बोर्ड बसायला नाही.” तो म्हणायचा, “मग खुर्ची द्या.” बाई खुर्ची द्यायच्या नाहीत आणि तो उठायचा नाही, असं अर्धा अर्धा तास चालायचं. तो राहायचा स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये, खोली नंबर सतरा. पुढे त्याची लांब बदली झाली. ही खोली लक्षात ठेवा. आम्ही तर ठेवलीच होती.

नळनकाशाची पहिली खरी चाचणी आली. पट्टी छापली, नव्या व्हॉल्व्हमनच्या हातात दिली, मोठे साहेब घड्याळ घेऊन उभे. नव्या माणसाने पट्टीबरहुकूम सगळं केलं आणि तासाभरात टेकडीवरचे नळ कोरडे पडले. तिथल्या न्हाव्याकडे एक गिऱ्हाईक डोक्याला फेस लावून बसलेलं, ते तसंच फेसासकट खात्यात तक्रार द्यायला आलं. खालच्या गल्लीतल्या लाँड्रीत मात्र नळाची तोटी उडाली आणि धुतलेल्या कपड्यांना दुसरी धुलाई फुकटात मिळाली.

नकाशे उलगडले. काही चुकलेलं दिसेना. ते नकाशे बाईंच्याच हातचे होते. त्या दिवशी त्यांनी पट्टी हातात घेतलीच नाही, नुसत्या नकाशाकडे बघत बसल्या.

तिसऱ्या दिवशी प्रोग्रामच्या सामायिक ईमेलवर एक पत्र आलं. तिथे आलेलं पत्र प्रोग्रामवर काम करणाऱ्यांच्या यादीतल्या सगळ्यांना दिसायचं. पाठवणाऱ्याचं नाव: सतरा नंबर. आत मजकूर एकाच ओळीचा, ‘हे घाला, पाणी येईल,’ आणि खाली प्रोग्रामच्या चौदा ओळी. त्यांचा अर्थ असा, की टेकडीच्या पायथ्याचा सतरा नंबरचा व्हॉल्व्ह बाकीच्यांच्या उलट फिरतो. कधीतरी दुरुस्तीत दुसऱ्याच जातीचा बसवला गेलाय आणि नकाशात ते कोणी लिहिलेलं नाही. आणि तो उघडल्यावर वीस मिनिटं थांबून मगच बारा नंबर उघडायचा, नाहीतर नळात हवा अडकते. हाताने तसं करून पाहिलं. टेकडीवर पाणी आलं.

आता हे कोणाला माहीत असणार? ज्याने टेकडी मोजली त्याला! आणि नाव घेतलंय सतरा नंबर! सगळ्यांनी व्हॉल्व्ह सोडून दिला आणि लॉजची खोली पकडली. त्यात मी सगळ्यांत पुढे.

पण ओळी? अहाहा. पहिलीच ओळ एकशे दहा अक्षरं. नावं अशी: ‘उलटा’, ‘थांब’ आणि ‘अजून_थांब’. मध्येच तीन ओळी मोकळ्या. आणि टीप: ‘हे असंच आहे.’ बाईंनी पट्टी पुन्हा उचलली. सात चुका काढून काम परत.

तिकडून उत्तर: “झालं.” बाई: “नियम नऊ पाहावा.” तिकडून: “पाहिला. पटला नाही.” बाई: “पटण्याचा प्रश्न नाही, नियम आहे.” तिकडून: “व्हॉल्व्ह नियम वाचत नाही.” एक चूक दुरुस्त व्हायची, दोन नव्या यायच्या. पाच वेळा, आठ वेळा, अकरा वेळा काम परत. यादीतली माणसं आपापल्या गावी जेवणाची सुट्टी त्या पत्रांवर काढू लागली. टेकडीचा व्हॉल्व्ह तोपर्यंत हाताने चिठ्ठी लिहून चालवत होते.

त्याच तीन आठवड्यांत आणखी एक गोष्ट झाली, ती मात्र फक्त आम्हाला दिसली. बाईंचा डबा बंद झाला. दुपारी त्या कोपऱ्यावरच्या दुकानातली बिस्किटं खायच्या.

मी विचारलं, “बाई, वडिलांची तब्येत बरी नाही का?”

“ठणठणीत आहे.”

“मग?”

“बोलत नाहीत माझ्याशी.”

“का?”

“अहो, ते बोलले तर कळेल ना का!”

मी मशीनच्या खोलीत परतलो तो उड्या मारतच. बापाला कळलं! बापाला सर्व्हेअरचं कळलं, आणि त्याने अबोला धरला! संध्याकाळपर्यंत ही बातमी तळमजल्यावरच्या पहारेकऱ्यापर्यंत पोचली होती. पोचवायला मला दोनच जिने उतरावे लागले.

आणि बाराव्या खेपेला ते पत्र आलं. मी तेव्हा नकला घेऊन बाईंच्या मागेच उभा होतो. ‘बाकीचं घरी ये, मग बोलू.’ बाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्या उठल्या आणि चार वाजता, सुटायला दीड तास असताना, तडक घरी गेल्या. पट्टी टेबलावरच राहिली. ती पट्टी बाईंशिवाय पडलेली मी पहिल्यांदा पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी चौदा ओळी प्रोग्राममध्ये होत्या. जशाच्या तशा, ‘अजून_थांब’सकट. वर बाईंची एक टीप: ‘या ओळींना हात लावू नये.’ आणि दुपारी एकला डबा उघडला. चार खणांचा. बाईंनी आम्हा सगळ्यांना वाढलं.

आम्ही लग्नाची तारीख विचारायची तेवढी बाकी होती. लग्न काही झालं नाही. बाई तशाच राहिल्या आणि आम्ही तर्क करत राहिलो. काय दिवस होते! आज ते मशीन भंगारात, हॉलचे प्लायवूडने सहा तुकडे, उत्तरेच्या खिडक्यांवर एसीचे खोके. माझ्या अंगाचा वासही गेला. परवा औषधाच्या दुकानात कुठलीशी बाटली फुटली, अमोनियाचा भपका आला, आणि मी चांगला पाच मिनिटं तिथेच उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, “आजोबा, बाहेर व्हा, त्रास होईल.” त्याला काय सांगणार.

बाई निवृत्त झाल्या, पण नियमांची पट्टी सुटली नाही. घरून कामं तपासायच्या. मग एका थंडीत वडील गेले. आणि पुढच्याच वर्षी नळनकाशाच्या माणसांच्या सालाबादच्या बैठकीत दाढी उभी राहिली.

दाढी म्हणजे प्रोग्रामचा नवा कारभारी. गुणी, पण घाईचा. आमच्याच जुन्या हॉलच्या एका तुकड्यात वीसेक माणसं जमलेली. मी उगीच, चहासाठी. दाढी म्हणाला, आता मांडणी तपासायला माणूस नको. एक अवजार मिळतं, बटण दाबलं की सगळ्या प्रोग्रामच्या सगळ्या ओळी एका सेकंदात सरळ होतात. नियमांची फाईल नको, परत पाठवणं नको.

कोणीतरी विचारलं, “आणि नावं?” म्हणजे असं, की प्रत्येक ओळीपुढे ती शेवटी कोणी लिहिली त्याची नोंद दिसते.

“तिथे अवजाराचं नाव येईल,” दाढी म्हणाला. “सगळ्याच ओळींपुढे. जुनं खोदून काढता येतं हवं तर, पण कोण खोदतंय?”

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. एकेचाळीस नियम, इतक्या वर्षांची पट्टी. आता काय ऐकायला मिळतंय म्हणून मी कपसुद्धा आवाज न करता ठेवला.

बाई म्हणाल्या, “आणा अवजार.”

“म्हणजे?”

“एकेचाळीसच्या एकेचाळीस नियम घ्या. चौदा ओळी सोडा.”

दाढी गोंधळला. “कुठल्या, त्या सतरा नंबरच्या? बाई, त्या तर सगळ्यांत वाकड्या आहेत! त्यांच्यासाठीच तर अवजार हवं.”

“म्हणूनच म्हणतेय.”

“अहो, माझं पहिलं काम तुम्ही एका स्पेससाठी चार वेळा परत पाठवलं होतं!”

“पाच वेळा.”

हशा झाला. दाढी हसला नाही. “तुम्ही कारण सांगा. तुमचाच नियम चौदा आहे, का ते लिहा.”

बाई म्हणाल्या, “त्या ओळींपुढे आज जे नाव दिसतं, ते उद्याही दिसावं. एवढंच माझं म्हणणं आहे. तेवढं कबूल करा, बाकी मी काही मागत नाही, आणि आजपासून काही तपासतही नाही.”

वीस माणसांनी हात वर केले. अवजार आलं, चौदा ओळींना कुंपण घातलं गेलं. दाढीने नरमाईने विचारलं, “नियमांची फाईल आठवण म्हणून ठेवूया का?”

“काढून टाका,” बाई म्हणाल्या. “नियम सव्वीस.”

जिना उतरताना मी बाईंना गाठलं. म्हटलं, “बाई, आता दोघांचीही वयं झाली. सर्व्हेअर असतो कुठे हल्ली?”

बाई पायरीवर थांबल्या. “कोण सर्व्हेअर?”

“खोली नंबर सतरा!”

त्या इतक्या हसल्या की कठडा धरावा लागला. “अमोनिया, इतकी वर्षं तुम्ही हे सांगत फिरताय?”

“मी एकटाच नाही.”

“सुरुवात कोणी केली?”

मी छताकडे पाहिलं.

“खरं सांगू? मलाही आधी तोच वाटला होता,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर अकरा वेळा परत पाठवलं. म्हटलं, खुर्ची मागत होता ना, आता बस लिहीत.” मग चष्मा पुसत पुढचं सांगितलं. मी विचारलं, हे लोकांना सांगू का. म्हणाल्या, “सांगा. पण तुम्हाला जमायचं नाही, त्यात तिखटमीठ घालायला काहीच नाही.”

तेव्हा घालत नाही. सतरा नंबर म्हणजे बाईंचे वडील. ते एकतीस वर्षं आमच्या खात्यात व्हॉल्व्हमन होते आणि सतरा नंबरचा व्हॉल्व्ह त्यांच्या फेरीत होता. चाचणी फसली त्या संध्याकाळी त्यांनी जेवताना विचारलं, काय झालं. बाई म्हणाल्या, तुम्हाला नाही कळायचं बाबा, कॉम्प्युटरचं आहे. म्हणून बाई कचेरीत असताना त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर, प्रोग्राममधल्या शेजारच्या ओळी बघून, एका बोटाने त्या चौदा ओळी लिहिल्या. ‘घरी ये’ हे वाचेपर्यंत बाईंना ते माहीत नव्हतं. काम सारखं परत येत होतं, म्हणून त्यांनी बोलणं आणि डबा बंद केला होता. बाईंनी ओळी घेतल्या आणि ते बोलायला लागले.